सांबरा ते उजळाईवाडी ९६ किलोमीटर: विमान उडत नाही, तरी सीमाभागासाठी हे अंतर महत्त्वाचं

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या कुठल्याही ऑनलाइन तक्त्यात बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन नावं टाकली, की उत्तर लगेच मिळतं. हवाई अंतर सुमारे ९६ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण ३७ मिनिटं. आकडा दिसायला छान आहे. प्रत्यक्षात सांबऱ्याहून उजळाईवाडीला जाणारं प्रवासी विमान नाही आणि नजीकच्या काळात ते येण्याची शक्यताही नाही.

मग या आकड्याचं करायचं काय? सीमाभागातल्या माणसाने तो नीट समजून घ्यायला हवा. कारण निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, सावंतवाडी या पट्ट्यातल्या लोकांना मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्लीचं विमान कुठून पकडता येईल, ते आठवड्यातून किती दिवस मिळेल आणि किती वर्षं टिकेल, हे सगळं या छोट्या अंतरांवर ठरतं.

सांबरा मध्यभागी धरून कंपास फिरवला तर चित्र स्पष्ट होतं. सरळ रेषेत हुबळी विमानतळ सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. गोव्यातलं मोपा ८२ किलोमीटरवर, कोल्हापूर ९६ वर आणि दाबोळी शंभरच्या काठावर. सिंधुदुर्गातलं चिपी तेवढं थोडं पलीकडे राहतं. तीन राज्यं आणि सहा विमानतळ. देशात एवढ्या जवळजवळ, वेगवेगळ्या राज्यांच्या हद्दीत एवढे विमानतळ असलेले भाग फार नाहीत. तरीही या भागातला माणूस "आपल्याकडून थेट विमान नाही" असंच म्हणतो. त्याचं म्हणणं खोटं नाही.

३७ मिनिटं येतात कुठून?

तक्त्यातला वेळ कुठल्याही वेळापत्रकातून घेतलेला नसतो. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर काढलं जातं. त्याला ताशी ८०० किलोमीटरसारख्या सरासरी वेगाने भागतात आणि चढणं-उतरणं यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. ९६ किलोमीटरला सात मिनिटं, अधिक तीस. झाली ३७ मिनिटं.

विमान मात्र असं उडत नाही. या भागातल्या मार्गांवर प्रामुख्याने दोन प्रकारची विमानं दिसतात. एक एटीआर-७२, पंख्याची, सत्तर-पंचाहत्तर आसनांची. तिचा स्थिर उड्डाणातला वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. दुसरं एम्ब्राएर, छोटं जेट, ताशी ८०० च्या घरात जाणारं. शंभर किलोमीटरच्या टप्प्यात यांपैकी कुणालाच आपला पूर्ण वेग आणि पूर्ण उंची गाठून स्थिरावता येत नाही. चढाई संपते न संपते तोच उतरायची तयारी सुरू होते. इंधन सर्वांत जास्त जळतं ते चढाईत. शिवाय प्रत्येक उड्डाण-उतरणीची देखभालीच्या हिशेबात एक फेरी म्हणून नोंद होते, मग टप्पा शंभर किलोमीटरचा असो की आठशेचा. उतरण्याचं शुल्कही अंतर बघून कमी होत नाही. म्हणून टप्पा जितका लहान, तितका दर किलोमीटरचा खर्च जास्त.

कंपन्यांच्या वेळापत्रकात जो वेळ छापतात, तो विमान एका ठिकाणच्या थांब्यावरून हलल्यापासून दुसरीकडच्या थांब्यावर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणं, परवानगीची वाट पाहणं, गर्दीच्या विमानतळावर वर घिरट्या घालणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणूनच मुंबईला जाणारं विमान हवेत जेमतेम पाऊण तास असलं तरी तिकिटावर त्यापेक्षा जास्त वेळ दिसतो.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब करू. समजा कोल्हापूर-बेळगाव विमान आहेच. घरातून उजळाईवाडीला पोचायला २५ मिनिटं. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे सव्वा तास आधी पोचणं आलं. उड्डाण ३७ मिनिटं. सामान घेऊन बाहेर पडायला वीसेक मिनिटं. सांबऱ्याहून बेळगाव शहरात यायला अर्धा तास. बेरीज तीन तासांच्या पुढे जाते. पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावरून कोगनोळी, निपाणी, संकेश्वर करत गाडीने हेच अंतर ११० किलोमीटरच्या आसपास आहे आणि दोन-सव्वादोन तासांत कापलं जातं.

या दोन शहरांमध्ये विमान अव्यवहार्य आहे ते एवढ्यासाठी. केंद्राच्या उडान योजनेतही सुरुवातीला सर्वसाधारण भागांसाठी २०० ते ८०० किलोमीटरचे मार्ग गृहीत धरले होते. त्यापेक्षा लहान टप्प्यांची सूट डोंगराळ, दुर्गम, बेटांच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक भागांसाठी होती. ९६ किलोमीटरवरचे हे दोन विमानतळ एकमेकांकडे उडण्यासाठी नाहीत. पण त्यांचा प्रवासी बऱ्याच अंशी एकच आहे.

सीमेपेक्षा जुन्या धावपट्ट्या

हे दोन्ही विमानतळ आजच्या राज्यसीमेपेक्षा जुने आहेत. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला. आज त्याला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव आहे. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधली. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं आणि कोल्हापूर स्वतंत्र संस्थान. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि दोन धावपट्ट्यांच्या मधून भाषावार प्रांतरचनेची रेघ गेली.

पुढची कित्येक वर्षं याने फारसा फरक पडला नाही, कारण दोन्हीकडे नियमित विमानंच कमी होती. फरक पडायला लागला तो प्रादेशिक विमानसेवेला सरकारी पैसा मिळू लागल्यावर. उडान योजनेत केंद्राचा हात मोठा असला, तरी तोटा भरून काढण्याच्या रकमेत साधारण २० टक्के वाटा राज्याचा असतो. या उड्डाणांच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर एक टक्क्यापर्यंत खाली आणणं, सुरक्षा आणि अग्निशमन पुरवणं, हेही राज्याच्या गळ्यात असतं. साहजिकच राज्य सरकार विचारतं, "आमच्या विमानतळाला काय मिळालं?" शेजारच्या राज्यातल्या विमानतळावर आपल्याच तालुक्यातली माणसं उभी असतात, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

१० मार्च २०२४ ला तर एकाच कार्यक्रमात दोन्ही गोष्टी झाल्या. पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं आणि बेळगाव व हुबळीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणीही केली. पुणे आणि ग्वाल्हेरची नवी टर्मिनलंही त्याच यादीत होती. इमारती तीन ठिकाणी उभ्या राहणार, त्या जवळपास एकाच भागातल्या माणसांसाठी. इमारतींचं नियोजन केंद्राने एकत्र केलं. विमानांच्या वेळापत्रकाचं आणि पोचण्याच्या सोयीचं तसं एकत्र नियोजन कुणी केलेलं दिसत नाही.

निपाणीचा विमानतळ कोल्हापूर, चंदगडचा बेळगाव

नकाशावर पट्टी ठेवून तालुक्याच्या गावांपासून अंतर मोजलं, तर राज्याची रेघ किती आडवी येते ते कळतं.

निपाणी कर्नाटकात. तिथून सांबरा सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर, तर उजळाईवाडी ३० च्या आसपास. निम्म्याहूनही कमी. चंदगड महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. तिथून उजळाईवाडी ८० किलोमीटर आणि सांबरा पन्नासच्या आत. गडहिंग्लज तर काट्यावर आहे. दोन्ही विमानतळ तिथून साधारण पन्नास-पन्नास किलोमीटर. सिंधुदुर्गात सावंतवाडीच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्यातलं चिपी ३० किलोमीटरच्या पुढे पडतं, गोव्यातलं मोपा २० किलोमीटरवर. खानापूरच्या माणसाला सांबरा जवळ, पण परदेशी जायचं असेल तर घाट उतरून गोव्याचा विचार करावाच लागतो.

कर्नाटकातल्या माणसाचा विमानतळ महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातल्या माणसाचा कर्नाटकात किंवा गोव्यात, अशी ही अदलाबदल आहे. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विमानाच्या बाबतीत ती नव्याने घडते आहे, एवढंच.

यात उड्डाणाच्या वेळेचा भाग किती? सांबरा-मुंबई हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, उजळाईवाडी-मुंबई ३०८. फरक ९५ किलोमीटरचा. जेट विमानाला तो सात मिनिटांचा, एटीआरला अकरा मिनिटांचा. तिकिटावर बघितलं तर कुणी दखलही घेणार नाही. पण निपाणीच्या माणसाला चुकीचा विमानतळ निवडला तर रस्त्यावरच पाऊण ते एक तास जास्त लागतो आणि टॅक्सीचे पैसे वेगळे. वाचतो तो वेळ जमिनीवर वाचतो. म्हणून "कोल्हापूरहून मुंबई किती मिनिटं, बेळगावहून किती" हा वाद सीमाभागासाठी दुय्यम आहे. घरापासून धावपट्टीपर्यंत किती वेळ आणि त्या दिवशी विमान आहे का, हे दोन प्रश्न आधी येतात.

२०१८ चा धडा

विमानतळ शेजारी असले की काय होऊ शकतं, हे बेळगावने २०१८ मध्ये पाहिलं. जानेवारी २०१८ मध्ये उडानच्या दुसऱ्या फेरीत हुबळीचं नाव आलं. बेळगावात आधीपासून विमानसेवा असल्याने त्याला त्या फेरीत स्थान मिळालं नाही. मे महिन्यात स्पाइसजेटने बेळगावची सेवा थांबवून हुबळीकडे मोर्चा वळवला. सप्टेंबर २०१७ मध्ये थाटात उघडलेलं सांबऱ्याचं नवं टर्मिनल वर्षभराच्या आत ओस पडण्याची वेळ आली. शहरातल्या उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी, संघटनांनी आवाज उठवला. त्यानंतर उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा समावेश झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये डझनाहून अधिक मार्ग बेळगावच्या वाट्याला आले. त्याच महिन्यात स्टार एअरने सेवा सुरू केली. पुढे अहमदाबाद, इंदूर, सुरत, नाशिक अशी नावं सांबऱ्याच्या फलकावर दिसू लागली.

या सगळ्यात कंपनीने काही बेकायदा केलं नाही. अनुदान जिथे, विमान तिथे. ७५ किलोमीटरवरच्या विमानतळावर विमान हलवलं तर कंपनीच्या दृष्टीने प्रवासी जवळपास तोच राहतो आणि खर्चाचा भार सरकार उचलतं. तो ७५ किलोमीटरचा फेरा मात्र प्रवाशाच्या खिशातून आणि वेळेतून जातो. योजनेने प्रत्येक विमानतळ सुटा धरला. त्याच्या शेजारी काय आहे, तिथला प्रवासी कुठून येतो, हे पाहिलं नाही. शेजारच्यांना स्पर्धक बनवलं ते या रचनेने.

बेळगाव-इंदूरसारखा मार्ग या संदर्भात वेगळा बघायला हवा. हवाई अंतर सुमारे ७७० किलोमीटर. रेल्वेने किंवा बसने जायचं तर पूर्ण दिवस-रात्र जाते. दोन्ही टोकांना मराठी वस्ती, नातीगोती, व्यापार. विमानाचा खरा फायदा असल्याच अंतरावर होतो. पण असे मार्ग मोठ्या शहराच्या मार्गापेक्षा नाजूक असतात. आठवड्यातून मोजके दिवस, छोटं विमान, आणि अनुदान संपलं की पहिली कात्री त्यांच्यावर.

तीन वर्षांनंतर काय?

उडानचं अनुदान एका मार्गाला साधारण तीन वर्षं मिळतं. तेवढ्या काळात मार्ग पायावर उभा राहील, ही अपेक्षा. प्रत्यक्षात काय झालं ते भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅगच्या २०२३ च्या अहवालात आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, टिकून राहिलेले मार्ग होते ५४.

सातशे चौऱ्याहत्तरपैकी चोपन्न. म्हणजे शंभरात सात. या आकड्यांसमोर सीमाभागातल्या विमानांचं येणं-जाणं अपवाद वाटत नाही. एक मार्ग सुरू होतो, पहिल्या दिवशी पेढे वाटले जातात, खासदार-आमदारांचे फोटो निघतात, आणि काही महिन्यांनी वेळापत्रकातून नाव गळतं. गळल्याची बातमी चार ओळींची असते.

कोल्हापूर आणि बेळगावच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, तिरुपती, अहमदाबाद, नागपूर या सहाही शहरांना दोन्ही ठिकाणांहून वेगवेगळ्या काळात विमानं सुटली आहेत. दोन्हीकडून एकाच दिवशी, जवळपास एकाच वेळी, एकाच शहराला विमान गेलं तर दोन्ही अर्धवट भरण्याचा धोका असतो. गडहिंग्लज, आजरा, संकेश्वर, हुक्केरी, निपाणी इथला मधला प्रवासी दोन्हींकडे वाटला जातो. कंपनी आकडे बघते, म्हणते भरत नाही, आणि दोन्हीकडचे दिवस कमी करते. शेवटी या भागाला एकूण जितक्या फेऱ्या मिळू शकल्या असत्या, त्याहून कमी मिळतात.

स्पर्धा नकोच का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्पर्धा असली तर तिकीट स्वस्त होईल, मग दोन्ही विमानतळांनी सगळं का मागू नये? बेळगावात फाउंड्री, हायड्रॉलिक्स, हत्तरगीजवळ विमानाचे सुटे भाग बनवणारा उद्योग. कोल्हापूरला गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती, त्याही विमानतळाच्या जवळच. दोन्ही शहरं मोठी, दोघांनाही स्वतःचं विमान हवं असणं स्वाभाविक आहे. कोल्हापूरच्या माणसाला "मुंबईसाठी बेळगावला जा" किंवा बेळगावच्या माणसाला "हैदराबादसाठी कोल्हापूरला जा" असं सांगणं कुणालाच पटणार नाही.

ते सांगण्याची गरजही नाही. मुंबईसारख्या मार्गावर दोन्हीकडून विमान असलंच पाहिजे. प्रश्न वेळांचा आहे. एका ठिकाणचं विमान सकाळी आणि दुसरीकडचं संध्याकाळी असेल, तर मधल्या पट्ट्यातल्या माणसाला सकाळी जाऊन रात्री परत येता येईल. जाताना सांबऱ्याहून, येताना उजळाईवाडीला. मुंबईत मंत्रालयाचं काम, टाटा रुग्णालयातली तपासणी, व्हिसाची मुलाखत, यासाठी जाणाऱ्याला मुक्कामाचा खर्च वाचवणारं विमान हवं असतं. उड्डाण ५५ मिनिटांचं की ७० मिनिटांचं, याने त्याचं काही बिघडत नाही. परतीचं विमान परवा असेल तर मात्र दोन रात्रींचं लॉज येतं.

दुसरा मुद्दा धावपट्टीचा. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटरची, तिथे एअरबससारखं मोठं विमान उतरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोने बेळगाव-दिल्ली थेट सेवा सुरू केली ती त्यामुळेच शक्य झाली. उजळाईवाडीची मूळ १,३७० मीटरची धावपट्टी टप्प्याटप्प्याने १,९०० मीटरच्या पुढे नेली आहे आणि ती आणखी वाढवायची आहे. तोपर्यंत लांब पल्ल्याची मोठी विमानं सांबऱ्याहून आणि जवळच्या पल्ल्याची जास्त फेऱ्यांची छोटी विमानं उजळाईवाडीहून, अशी कामाची नैसर्गिक वाटणी समोर आहे. कोल्हापूर, सांगलीच्या माणसासाठी दिल्लीचं विमान ९६ किलोमीटरवर आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही. कारण बेळगावची जाहिरात कोल्हापुरात लागत नाही आणि कोल्हापूरची बेळगावात.

मुंबईच्या बाजूनेही परिस्थिती बदलते आहे. आजवर छोट्या शहरांच्या विमानांना मुंबईत उतरायला सोयीची वेळ मिळणं अवघड होतं. एकाच मुख्य धावपट्टीवर मोठ्या मार्गांची गर्दी, त्यात पन्नास-सत्तर आसनांच्या विमानाला दुपारची आडवेळ मिळायची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा प्रादेशिक विमानांसाठी मागून घेण्याची हीच वेळ आहे. कोल्हापूर आणि बेळगावने स्वतंत्र निवेदनं देण्याऐवजी एकत्र मागणी केली, तर ती दीड-दोन जिल्ह्यांची न राहता अख्ख्या पट्ट्याची होईल.

९६ किलोमीटरचा रस्ता

वेळा जुळल्या तरी जमिनीवरचा दुवा नसेल तर सगळं फुकट. आज उजळाईवाडीला उतरलेल्या माणसाला बेळगावला जायचं असेल, तर विमानतळाबाहेर त्याच्यासाठी खासगी टॅक्सी हाच हमखास पर्याय. रेल्वेचा उपयोग नाही, कारण कोल्हापूर-बेळगाव थेट लोहमार्गच नाही. मिरजेला वळसा घालावा लागतो आणि ते अंतर १८० किलोमीटरच्या पुढे जातं, हवाई अंतराच्या जवळजवळ दुप्पट. राहिली बस. बस भरपूर आहेत, पण त्या मध्यवर्ती स्थानकातून सुटतात. विमानाच्या वेळेशी त्यांचा संबंध नाही.

आणि बसचं एक दुखणं सीमाभागाला नव्याने सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्नावरून तणाव झाला तेव्हा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांनंतर, दोन्ही राज्यांमधली बससेवा काही काळ विस्कळीत झाली. महाराष्ट्राची एसटी कर्नाटकात जाईना, तिकडची बस इकडे येईना. कोगनोळीपर्यंत एक बस, पुढे चालत किंवा मिळेल त्या वाहनाने, असा प्रवास लोकांनी केला आहे. त्या दिवशी निपाणीच्या माणसासाठी तीस किलोमीटरवरचा विमानतळ परराज्यातला झाला. विमानाचं तिकीट परत न मिळणारं असतं. बस कधी सुरू होईल ते कुणी लिहून देत नाही.

पावसाळ्याची गोष्टही याला जोडून येते. सह्याद्रीच्या कडेला जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली आले की छोट्या विमानतळांवर उतरणं अवघड होतं आणि विमान दुसरीकडे वळवावं लागतं. शेजारचा विमानतळ शंभर किलोमीटरच्या आत आहे, हा अशा वेळी मोठा फायदा ठरू शकतो. पण तिथे उतरलेल्या प्रवाशांना घरी पोचवणारी ठरलेली बस असेल तरच.

करता येण्यासारखं

यातल्या कशालाही नवा विमानतळ लागत नाही, नवी धावपट्टी लागत नाही. तीन गोष्टी हाताशी आहेत.

पहिली, विमानतळ जोडणारी बस. बेळगाव, सांबरा, संकेश्वर, निपाणी, उजळाईवाडी अशी, विमानांच्या वेळेनुसार, दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांनी वाटून चालवलेली. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्यांनी सुरुवात होऊ शकते. तणावाच्या काळातही ही सेवा बंद पडणार नाही, एवढी हमी दोन्हीकडच्या पोलीस-प्रशासनाने द्यायला हवी. अशीच दुसरी जोडणी सावंतवाडी-मोपा-चिपी पट्ट्यात लागेल.

दुसरी, विमानतळ सल्लागार समित्यांची एकत्र बैठक. प्रत्येक विमानतळाला खासदारांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती असते आणि ती आपापल्या विमानतळापुरतं बोलते. वर्षातून दोनदा, उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक ठरण्याआधी, बेळगाव, कोल्हापूर, हुबळी आणि सिंधुदुर्गच्या समित्यांनी एका टेबलावर बसावं. कुठल्या शहराला कुठून कोणत्या वेळी विमान, हे कंपन्यांसमोर एकत्र मांडावं. अंतिम निर्णय कंपनीचाच राहील, पण तिच्यासमोर चार भांडणाऱ्या मागण्यांऐवजी एका पट्ट्याचे आकडे जातील.

तिसरी, उडानच्या पुढच्या टप्प्यात शेजारचे विमानतळ एकत्र धरण्याची तरतूद. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने सुधारित उडान जाहीर केली, दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि चार कोटी प्रवाशांचं लक्ष्य ठेवून. नवी ठिकाणं वाढवताना, ज्या ठिकाणी आधीच विमानतळ आहेत तिथले मार्ग का टिकले नाहीत, याचाही हिशेब हवा. अनुदान देताना शंभर किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ असेल, तर त्याच शहराला त्याच वेळेचं दुसरं विमान देण्याआधी विचार व्हावा.

यात महाराष्ट्राने काही सोडायचं नाही आणि कर्नाटकानेही नाही. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे सुटेल तेव्हा सुटेल. निपाणीच्या माणसाला उद्या सकाळी मुंबईचं विमान पकडायचं आहे. चंदगडच्या पोराला दिल्लीत परीक्षेला जायचं आहे. त्यांच्या दृष्टीने सांबरा आणि उजळाईवाडी ही एकाच गावाची दोन स्टँड आहेत. एक जुनं, एक नवं. कुठल्या स्टँडवरून कुठली गाडी किती वाजता सुटते आणि तिथवर जायला बस आहे का, एवढं कुणीतरी त्यांना एका कागदावर लिहून द्यायचं आहे. हा कागद आज बेळगावच्याही जिल्हाधिकारी कार्यालयात नाही आणि कोल्हापूरच्याही. पहिल्यांदा तो तयार व्हावा.